वाचकांचे प्रश्न : प्रौढांच्या जलतरणात विक्रमांचे नवे गट हवेत का?

मागील अंकात आम्ही एक निवेदन थोडक्यात छापले होते. मुंबईत दरवर्षी आपापसांत स्पर्धा भरवणाऱ्या काही प्रौढ जलतरणपटूंची त्यात अशी मागणी होती की, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांनुसार ठेवल्या जाणाऱ्या विक्रमांच्या यादीत चार नवे गट जोडावेत : प्रत्येक वयाचा स्वतंत्र विक्रम, सूर न मारता पाण्यातून सुरुवात करणाऱ्यांचा विक्रम, ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी, किक वापरून पोहलेल्या बटरफ्लायचा विक्रम आणि पन्नाशीनंतर पोहायला शिकलेल्यांचा विक्रम. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरे देताना नियमांबरोबर मी माझे मतही सांगणार आहे. अनेक वर्षे वेळाधिकारी म्हणून तलावाच्या काठावर उभे राहिल्यानंतर या विषयात माझी मते ठाम झाली आहेत.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावात मी रोज सकाळी पोहतो. ७० ते ७४ या वयोगटात मी नेहमी सर्वांत मोठा असतो आणि नुकतीच सत्तरी गाठलेल्या स्पर्धकाबरोबर एकाच विक्रमासाठी मला पोहावे लागते. प्रत्येक वयाचा वेगळा विक्रम ठेवला तर काय बिघडेल?
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

उत्तर : आपण म्हणता तो फरक खरा आहे. पोहण्याचा वेग पस्तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतो, सत्तरीपर्यंत ही घट साधारण एकाच गतीने होते आणि त्यानंतर ती झपाट्याने वाढते. त्यामुळे ३० आणि ३४ या वयांच्या दोन जलतरणपटूंमध्ये वयामुळे जवळजवळ काहीच अंतर पडत नाही, ७० आणि ७४ मध्ये ते जाणवते आणि ८० व ८४ मध्ये तर ते डोळ्यांत भरते. गटांची रुंदी मात्र सगळीकडे पाच वर्षांचीच आहे. पूर्वी फिना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार मास्टर्स, म्हणजे प्रौढांचे, जलतरण २५ व्या वर्षी सुरू होते आणि २५ ते २९, ३० ते ३४ असे करत वयोगट शंभरीच्याही पुढे जातात.

त्यातच वय मोजण्याची पद्धत वेगळी आहे. स्पर्धेच्या दिवशीचे वय धरले जात नाही, तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे वय पूर्ण होणार असेल ते धरले जाते. कॅनडाच्या बेटी ब्रुसेल यांनी जानेवारी २०२४ मध्ये ४०० मीटर मुक्त शैलीचा जागतिक विक्रम केला तेव्हा त्या ९९ वर्षांच्या होत्या, पण विक्रम १०० ते १०४ या गटात नोंदला गेला, कारण त्याच वर्षी त्यांची शंभरी पूर्ण होणार होती. ज्याचा जन्म डिसेंबरातला आहे, त्याला वयाने जवळजवळ वर्षभर आधी पुढच्या गटात पोहता येते, आणि जानेवारीत जन्मलेल्याला हा लाभ मिळत नाही. हा नियम मला तरीही योग्य वाटतो. सबंध वर्षभर प्रत्येकाचा गट एकच राहतो आणि नोंदी ठेवणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

आता आपल्या मागणीचा हिशेब मांडू. लांब, म्हणजे ५० मीटरच्या तलावात वैयक्तिक शर्यतींचे १७ प्रकार आहेत आणि २५ मीटरच्या तलावात १०० मीटर वैयक्तिक मिडले (एकाच शर्यतीत चारही शैली) धरून १८. दोन्ही मिळून ३५, आणि पुरुष व महिला वेगळे धरले की एका वयोगटाला ७० विक्रम लागतात. २५ ते १०४ या वयांत पाच वर्षांचे १६ गट होतात, म्हणजे ११२० विक्रम. प्रत्येक वयाचा विक्रम ठेवला तर हीच संख्या ५६०० होईल. जगभरातून स्पर्धक येतात तेथे या जागा कदाचित भरतीलही. आपल्या शहरातल्या स्पर्धेत बहुतेक जागा रिकाम्या राहतील, आणि ज्या भरतील त्यांपैकी अनेक अशा असतील की त्या वयाचा एकच स्पर्धक त्या शर्यतीत उतरला म्हणून विक्रम त्याच्या नावावर लागला. अशा यादीतून कोण आले एवढेच कळते, कोण किती वेगाने पोहले याचा अर्थ लागत नाही. विक्रम या शब्दाला वजन आहे ते आधीच्या कोणाची तरी वेळ मागे टाकावी लागते म्हणून.

नवा गट मागितला जातो तेव्हा मी दोन गोष्टी पाहतो. ज्या फरकासाठी गट मागितला आहे तो काठावरच्या पंचाला डोळ्यांनी दिसतो का, किंवा कागदाने सिद्ध होतो का? आणि त्या फरकामुळे शर्यतच वेगळी होते का? वय जन्मदाखल्याने सिद्ध होते, म्हणून आपली मागणी पहिल्या कसोटीवर पूर्ण उतरते. दुसऱ्या कसोटीवर ती ऐंशीच्या पुढे उतरते, तिशी-चाळिशीत उतरत नाही. म्हणून माझे मत असे आहे की, विक्रम पाच वर्षांच्या गटाचेच ठेवावेत, परंतु ८० व्या वर्षापासून पुढे प्रत्येक वयाच्या सर्वोत्तम वेळांची स्वतंत्र सारणी स्पर्धेच्या पुस्तिकेत छापावी. तिला विक्रम म्हणू नये. ८३ व्या वर्षी पोहणाऱ्याला ८३ व्या वर्षाची आजवरची उत्तम वेळ ठाऊक असली तर त्याच्यासमोर एक गाठता येण्याजोगी खूण राहील, आणि एवढे आपण त्याला दिलेच पाहिजे.

आपण अद्याप ७४ चे आहात, म्हणून ही सारणी आपल्या कामाला येण्यास काही वर्षे आहेत. तोवर मी आपले लक्ष रिलेकडे वेधतो. जागतिक नियमांत रिलेचा गट चौघांच्या वयांच्या बेरजेने ठरतो : २०० ते २३९, २४० ते २७९, २८० ते ३१९ आणि असेच पुढे. येथे आपले प्रत्येक वर्ष मोजले जाते. ६८, ६९ आणि ६९ वर्षांच्या तिघांची बेरीज २०६ होते. त्यांना आपण मिळालात की ती नेमकी २८० होते आणि सत्तरीही न गाठलेले ते तिघे आपल्यामुळे वरच्या गटात जातात. सत्तरीचा स्पर्धक आपल्याऐवजी घेतला तर बेरीज २७६ वरच थांबते. वैयक्तिक शर्यतीत जी चार वर्षे आपल्याला जड जातात, त्यांच्यासाठीच येथे संघ आपला शोध घेतील.

प्रश्न : माझ्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांनी सूर मारण्यास मनाई केली आहे. एका स्पर्धेत मी पाण्यात उतरून भिंत धरून उभी राहिले, तेव्हा मला सांगण्यात आले की ब्लॉकवर, म्हणजे सूर मारण्याच्या चौथऱ्यावर, उभे न राहणाऱ्यांना शर्यतीत घेता येणार नाही. असा नियम आहे का? आणि आमच्यासारख्यांसाठी वेगळा विक्रम असावा, असे आपल्याला वाटते का?
— एक वाचिका, चेंबूर

उत्तर : आपल्याला चुकीचे सांगण्यात आले. मास्टर्स जलतरणाच्या नियमांत स्टार्टिंग ब्लॉकवरून, तलावाच्या काठावरून किंवा पाण्यात राहून भिंतीला हात लावून, अशा तिन्ही प्रकारे सुरुवात करण्यास स्पष्ट मुभा आहे. वयाने मोठ्या माणसांचे कान, डोळे, मान आणि खांदे यांची काळजी घेऊनच ही मुभा ठेवली आहे. पुढच्या वेळी प्रवेशिका भरतानाच आपण पाण्यातून सुरुवात करणार असल्याचे लिहून द्या आणि शर्यतीपूर्वी स्टार्टरला भेटून तसे सांगा. आयोजकांनीही स्पर्धेच्या सुरुवातीला ध्वनिक्षेपकावरून ही मुभा जाहीर केली, तर ती मागताना कोणालाही संकोच वाटणार नाही.

वेगळ्या विक्रमाबद्दल बोलायचे तर चारही मागण्यांपैकी मला सर्वांत पटलेली मागणी हीच आहे. कारण थोडे विस्ताराने सांगतो.

५० मीटरच्या आणि २५ मीटरच्या तलावांतले विक्रम जगभर वेगवेगळे ठेवले जातात. अंतर तेच, पाणी तेच, माणूसही तोच. फरक असतो तो भिंतीचा. १५०० मीटरच्या शर्यतीत लांब तलावात २९ टर्न होतात आणि छोट्या तलावात ५९. प्रत्येक टर्नला भिंतीवर पाय रोवून घेतलेला रेटा हातांनी पोहण्यापेक्षा वेगवान असतो, म्हणून छोट्या तलावातली वेळ कमी येते. हा फरक शर्यतच वेगळी करणारा आहे, हे सर्वांनी मान्य केले आहे. ब्लॉकवरून मारलेल्या सुराचे तत्त्वही हेच आहे. हवेतून आलेला वेग पाण्यात शिरताना हातात असतो, तर पाण्यातून निघणाऱ्याला केवळ भिंतीच्या रेट्यावर निघावे लागते. ५० मीटरच्या शर्यतीत हा फरक निकाल ठरवण्याइतका मोठा असतो. सुरुवात कशी झाली याला विक्रमांच्या नियमांत आधीपासून महत्त्व आहेच : पुरुष आणि महिला एकत्र पोहतात त्या मिश्र रिले सोडून इतर रिलेंमध्ये पहिल्या जलतरणपटूची वेळ वैयक्तिक विक्रमासाठी धरता येते, पुढच्या तिघांची धरता येत नाही, कारण आधीच्याचा हात भिंतीला लागतो त्या क्षणी त्यांचे शरीर ब्लॉकवर पुढे झेपावलेले असते.

पंचाला हा फरक दिसतो, एवढेच नव्हे, तो दिसल्याशिवाय राहत नाही. जो उत्तम सूर मारू शकतो तोही मुद्दाम पाण्यातून सुरुवात करून हा विक्रम घेऊन जाईल, अशी शंका एका पत्रात आहे. घेऊन जाईना का. पाण्यातून सुरुवात करून सर्वांत वेगाने कोण पोहले, हीच तर नोंद आपल्याला हवी आहे. ती आजारपणाची नोंद नाही, म्हणून कोणाच्याही वैद्यकीय कागदपत्रांची चौकशी करावी लागणार नाही.

शहरातल्या परिस्थितीचाही विचार केला पाहिजे. ब्लॉक बसवलेल्या टोकाला भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटर अंतरापर्यंत पाण्याची खोली किमान १.३५ मीटर असावी, असा नियम आहे. अनेक गृहसंकुलांचे आणि जिमखान्यांचे छोटे तलाव याहून उथळ असतात. तेथे स्पर्धा घेताना सर्वांनीच पाण्यातून सुरुवात करावी, हे सुरक्षिततेचे आहे आणि तसे झाले की त्या वेळांना आज कोणत्याही यादीत योग्य जागा मिळत नाही. नवा गट त्यांनाही जागा देईल.

यादी फार वाढणार नाही. बॅकस्ट्रोकमध्ये सगळेच पाण्यातून सुरुवात करतात, म्हणून तो प्रकार वगळला जातो. लांबच्या शर्यतींत सुराचा लाभ तुलनेने नगण्य ठरतो, म्हणून त्याही सोडाव्यात. मुक्त शैली, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय यांचे ५० व १०० मीटर आणि १०० मीटर वैयक्तिक मिडले, असे छोट्या तलावाचे सातच प्रकार पुरेत.

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे. कंबरेच्या दुखण्यामुळे मला दोन्ही पाय एकदम वर-खाली मारण्याची डॉल्फिन किक जमत नाही, म्हणून मी बटरफ्लायचे हात आणि ब्रेस्टस्ट्रोकची किक अशी पोहते. हे खरे बटरफ्लाय नव्हे, याचा विक्रम वेगळा ठेवावा, असे माझ्याच गटातल्या मैत्रिणी म्हणतात. मला ते लागते.
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : आपण पोहता ते नियमाने बटरफ्लायच आहे. मास्टर्सच्या नियमांत हाताच्या प्रत्येक फेऱ्यामागे ब्रेस्टस्ट्रोकची एक किक मारण्याची परवानगी आहे.

इतिहासही आपल्या बाजूचा आहे. आज आपण जसे पोहता तसेच बटरफ्लाय जन्माला आले. १९३० च्या दशकात काही ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांच्या ध्यानात आले की, हात पाण्याखालून पुढे नेण्याऐवजी पाण्यावरून फेकले तर वेग वाढतो. पाय मात्र ब्रेस्टस्ट्रोकचेच राहिले, कारण शर्यत ब्रेस्टस्ट्रोकची होती. हळूहळू जुन्या पद्धतीने पोहणारे मागे पडत गेले आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीतून ब्रेस्टस्ट्रोकच नाहीसा होण्याची वेळ आली. तेव्हा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर दोन्ही प्रकार वेगळे करण्यात आले आणि १९५६ मध्ये मेलबर्नला बटरफ्लायची पहिली स्वतंत्र ऑलिंपिक शर्यत झाली.

गट वेगळा करण्याची खरी वेळ कोणती, हे मला या घटनेतून नेमके दिसते. पोहण्याची एक रीत दुसरीला शर्यतीतून हुसकावून लावू लागते तेव्हा ती वेळ येते. आपल्या बाबतीत तसे काहीच घडत नाही. ब्रेस्टस्ट्रोकची किक डॉल्फिन किकपेक्षा सहसा संथ असते. ती वापरल्याने आपण कोणाचा विक्रम अन्यायाने हिरावत नाही, उलट थोडा वेग सोडूनच शर्यतीत उतरता. शिवाय थकल्यावर शेवटच्या पट्ट्यात किक बदलणारे पुष्कळ असतात. नियमाला ते चालते. वेगळा विक्रम ठेवल्यास मात्र पंचाला प्रत्येकाचे पाय पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत न्याहाळावे लागतील आणि अर्धी शर्यत एका किकने, अर्धी दुसऱ्या किकने पोहणाऱ्याला कोणत्या यादीत घालावे हा वाद उरेलच. म्हणून या गटाला माझा विरोध आहे. आपल्या मैत्रिणींना कृपया हे उत्तर दाखवा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ब्रेस्टस्ट्रोकची किक कंबरेला सोयीची असली, तरी गुडघ्याच्या आतल्या बाजूवर तिचा ताण येतो. गुडघा कुरकुरू लागला तर सराव तेथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी ५२ व्या वर्षी पोहायला शिकलो. आमच्या वयोगटातले सगळे विक्रम तरुणपणी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पोहलेल्यांच्या नावावर आहेत. उशिरा शिकलेल्यांनी कितीही घाम गाळला तरी त्यांचे नाव यादीत येणार नाही. मग आमच्यासाठी वेगळी यादी का नको?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपली खंत मला कळते आणि तरीही या मागणीला मी होकार देऊ शकत नाही. कोण केव्हा पोहायला शिकले, हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. गावच्या विहिरीत दहाव्या वर्षी पोहलेला, शाळेच्या शर्यतीत एकदाच उतरलेला, महाविद्यालयात दोन वर्षे वॉटरपोलो खेळलेला, यांना कोणत्या बाजूला ठेवायचे? प्रत्येक विक्रमाबरोबर एका माणसाच्या प्रामाणिकपणाची चौकशी सुरू होईल आणि पहाटेची जी मैत्री या खेळाने आपल्याला दिली, तिला तडे जातील.

मास्टर्स जलतरणाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेत टेक्सासमधील अमारिलो येथे १९७० मध्ये झाली. तिच्यामागे रॅन्सम आर्थर या नौदलातल्या डॉक्टरांची कल्पना होती : समोर शर्यत असली की प्रौढ माणसे नियमित पोहतील आणि निरोगी राहतील. म्हणजे निवृत्त खेळाडू आणि नवशिके या दोघांनाही एकाच पाण्यात आणण्यासाठीच हा खेळ उभा राहिला. उशिरा सुरुवात केलेल्याला विक्रम दुर्लभ आहे, हेही पूर्ण खरे नाही. जपानच्या मिएको नागाओका यांनी ऐंशीच्या घरात, गुडघ्याच्या दुखण्यावर व्यायाम म्हणून पोहायला सुरुवात केली आणि एप्रिल २०१५ मध्ये, वयाच्या १०० व्या वर्षी, छोट्या तलावात १५०० मीटर मुक्त शैली १ तास १५ मिनिटे ५४.३९ सेकंदांत पूर्ण केली. शंभरी गाठलेल्या व्यक्तीने हे अंतर पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ होती.

आयोजकांना मी वेगळे काही सुचवीन. मागील वर्षीच्या स्वतःच्या वेळेत सर्वाधिक टक्के सुधारणा करणाऱ्यास दर शर्यतीत एक पारितोषिक द्यावे. दोन्ही वेळा त्यांच्याच वहीत असतात, म्हणून पडताळणी सोपी आहे, आणि उशिरा शिकलेल्याच्या वेळेत अजून सुधारणेला भरपूर वाव असल्यामुळे हे पारितोषिक बहुधा त्याच्याच हाती पडेल.

प्रश्न : २००८-०९ च्या सुमारास वापरलेल्या खास पोहण्याच्या पोशाखांतले विक्रम वेगळे काढायला नकोत का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नकोत. पॉलियुरेथेनच्या त्या पोशाखांमुळे २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून केवळ कापडी पोशाखांना परवानगी उरली. तरीही आधीचे विक्रम रद्दही झाले नाहीत आणि वेगळेही काढले गेले नाहीत. जर्मनीच्या पाउल बीडरमान यांनी २००९ मध्ये ४०० मीटर मुक्त शैलीत नोंदवलेली ३ मिनिटे ४०.०७ सेकंदांची वेळ एप्रिल २०२५ मध्ये लुकास मार्टेन्स यांनी ३ मिनिटे ३९.९६ सेकंदांत मागे टाकली. सोळा वर्षे लागली, पण कापडी पोशाखातच ती मोडली गेली. आपल्या स्थानिक यादीत असे पोशाख घालून केलेली वेळ असण्याचा संभव तसाही थोडा आहे.

प्रश्न : आमच्या तलावावर आम्ही वयोगटांनुसार विक्रमांचा फलक लावायचे ठरवले आहे. सुरुवातीला कोणती काळजी घ्यावी?
— काही वाचक, अंधेरी

उत्तर : फलक रंगवण्याआधी तलाव मोजा. पोलादी पट्टीने, प्रत्येक लेनमध्ये, दोन्ही भिंतींमधले अंतर पाण्याच्या पातळीजवळ मोजून ते तारखेसह लिहून ठेवा. नियमानुसार तलाव ठरलेल्या लांबीपेक्षा अगदी थोडा लांब असला तर चालतो, परंतु एका मिलिमीटरनेही आखूड चालत नाही. माझ्या ओळखीच्या एका तलावात दुरुस्तीच्या वेळी दोन्ही टोकांच्या भिंतींवर जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली गेली. तीन वर्षांनी कोणीतरी सहज पट्टी लावली तेव्हा लांबी २४ मीटर ९६ सेंटिमीटर भरली. १५०० मीटरच्या शर्यतीला साठ पट्टे लागतात. म्हणजे त्या तलावात प्रत्येक जण २ मीटर ४० सेंटिमीटर कमी पोहत होता. तीन वर्षांच्या सगळ्या वेळा फलकावरून पुसाव्या लागल्या. त्यांतल्या दोन वेळा ज्यांच्या होत्या, ते गृहस्थ तोवर हयात नव्हते आणि त्यांच्या घरी हे सांगायला मला जावे लागले.

हात लागताच यंत्राने वेळ नोंदवणाऱ्या टचपॅडची व्यवस्था नसेल तर प्रत्येक लेनला तीन वेळाधिकारी ठेवा. तिन्ही घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ धरायची आणि तिन्ही वेगळी आली तर मधली. फलकावर वेळेशेजारी ती हाताच्या घड्याळाची आहे की यंत्राची, हे एका अक्षराने दर्शवा, म्हणजे पुढे टचपॅड आल्यावर दोन्ही प्रकारच्या वेळांची सरमिसळ होणार नाही. जन्मदाखल्याची प्रत प्रवेशिकेसोबतच घ्या. विक्रम झाल्यानंतर ती मागितली तर समोरच्याला तो अविश्वास वाटतो.